उस्मानपुऱ्याच्या थंडीला किती लोकर लागते?

मराठवाड्यातली थंडी पहाटेची असते. छत्रपती संभाजीनगरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, एखाद्या लाटेत त्याच्याही खाली घसरतो, आणि दुपारी अठ्ठावीस-तीसपर्यंत चढतो. शहरातल्या उस्मानपुऱ्यातून सकाळी सातला शाळेच्या रिक्षात बसणारे पोर कुडकुडत असते. तेच दुपारी घरी येते तेव्हा स्वेटर दप्तरात कोंबलेला असतो. घरी विणणाऱ्या बाईने (क्वचित बाप्यानेही) सुया हातात घेण्याआधी हा सोळा ते वीस अंशांचा फरक मनात धरला, तर तिचे निम्मे निर्णय तिथेच होऊन जातात. घडते मात्र उलटे. आधी मोबाइलवर एखादा नमुना डोळ्यांत भरतो: जाड पिळांचा, उंच गळ्याचा, बर्फाळ मुलखातला. मग त्याला शोभेलशी लोकर येते, स्वेटर पुरा होतो, घरात कौतुक होते आणि तो कपाटात जातो. तो अंगावर सोसेल अशी थंडी इथे दिवसाचे दोन-तीन तासच पडते.

म्हणून निवडीचा क्रम बदलायला हवा, असे माझे मत आहे. कोण घालणार, कोणत्या वेळी घालणार आणि तो धुणार कोण, हे आधी. मग धागा. नमुना सगळ्यात शेवटी. आपल्याकडची बहुतेक पुस्तके आणि व्हिडिओ नमुन्यापासून सुरुवात करतात, कारण नमुना दिसायला देखणा असतो. धाग्याची घडण फोटोत दिसत नाही.

या शहराला थंडीचे कापड ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने विणलेली हिमरूची शाल ही इथलीच. ती लोकरीची नाही, जडही नाही. संध्याकाळी खांद्यावर टाकावी आणि ऊन चढले की घडी करून हातावर घ्यावी, एवढेच तिचे काम. इथल्या हवेला काय पुरते, याचा अंदाज त्या विणकरांना नेमका होता. आपण सुया घेऊन बसतो तेव्हा तोच अंदाज विसरतो.

महाराष्ट्रात मेंढ्या आहेत, धनगरांचे वाडे आहेत, लोकर आहे, तरी विणायचा धागा लुधियान्याहून का येतो, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर मेंढीच्या अंगावर आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ आणि केसाळ. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण अठरा ते तेवीस मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनीचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तीस मायक्रॉनच्या वरचे तंतू कातडीला टोचतात, हे कोणत्याही घोंगडीवर उघड्या पाठीने निजलेल्याला सांगावे लागत नाही. हीच राठ लोकर सनगर विणकर खड्ड्याच्या मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, आणि त्यातून पाऊस अडवणारी, वर्षानुवर्षे टिकणारी घोंगडी निघते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जिला जावळ म्हणतात, ती त्यातल्या त्यात मऊ; तिच्या घोंगड्यांना मान वेगळा. पण अंगालगत घालायच्या स्वेटरासाठी तीही जरा उग्रच.

सरकारने दख्खनीचा मेरिनो आणि राम्बुले जातींशी संकर करून पाहिला. तो धनगरांत रुजला नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. शिवाय माळरानावर उन्हातान्हात मैलोगणती चालणारी मेंढी त्यांना हवी असते. आपल्या शहराला लागून पडेगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली 'नारी सुवर्णा' ही मेंढीची जात प्रसिद्ध आहे. ती प्रसिद्ध आहे एका वेतात दोन कोकरे देण्यासाठी. लोकरीसाठी नव्हे. मेंढीपालनाचे लक्ष कुठे आहे ते यावरून कळते. दख्खनी लोकर घरी विणायचीच झाली तर तिचे आसन, पायपुसणे, पिशवी किंवा उशीचा अभ्रा करावा. तिथे तिचा राठपणा कामी येतो.

तेव्हा लुधियाना. त्याआधीच्या पिढीला कानपूरची 'लाल इमली' आणि पंजाबातल्या धारीवालची लोकर माहीत होती. कानपूरची गिरणी १८७६ची, धारीवालची १८८०ची. दोन्हींचे दिवस सरले आणि वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावे गुंड्यांच्या पट्ट्यांवर आली. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या जुन्या बाजारात लेस, बटणे, फॉल-अस्तर विकणाऱ्या दुकानांत हे गुंडे वरच्या फळीवर असतात. दिवाळीनंतर ते खाली येतात आणि संक्रांत उलटली की पुन्हा वर जातात. या मोसमी ये-जा करण्याचा विणणाऱ्यावर थेट परिणाम होतो. जानेवारीच्या शेवटी बाही अर्धी असताना लोकर संपली, तर तोच रंग मिळाला तरी तीच रंगणी मिळेलच असे नाही. पट्टीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉट नंबर छापलेला असतो. शेड एक आणि लॉट वेगळा असेल तर दिव्याखाली दोन्ही गुंडे सारखे दिसतात आणि उन्हात छातीवर आडवी रेघ उमटते. एक गुंडा जास्तीचा घ्यावा, हे इथे चैनीत मोडत नाही.

दुकानात लोकर मागितली की पुढे येते ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक हा खनिज तेलापासून तयार होणारा कृत्रिम धागा. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने तो 'ऑरलॉन' नावाने १९५०मध्ये बाजारात आणला. मेंढीची लोकर, कापूस आणि हा धागा यांतला फरक पट्टीवर नीट छापलेला नसेल तर घरी ओळखता येतो. चार बोटांचा तुकडा चिमट्यात धरून, सिंकपाशी उभे राहून, काडी लावावी. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. कापूस कागदासारखा जळतो. अ‍ॅक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि मागे काळा टणक मणी राहतो. मिश्र धाग्यात वास आणि मणी दोन्ही मिळतात.

अ‍ॅक्रिलिकला नावे ठेवण्याची सध्या फॅशन आहे. मी त्या बाजूचा नाही. ते स्वस्त आहे, हलके आहे, कसर लागत नाही, साबणाला घाबरत नाही, आणि रंग इतके की निवडताना डोके दुखावे. त्याचा खरा दोष दुसराच आहे: ते घाम शोषत नाही. कोरड्या लोकरीच्या वजनाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास ओल तिच्यात नेहमीच मुरलेली असते, आणि त्या प्रमाणाच्या दुपटीपर्यंत ओल शोषूनही ती हाताला ओली लागत नाही. कापसात आठेक टक्के. अ‍ॅक्रिलिकमध्ये जेमतेम दोन. पळणाऱ्या मुलाच्या अंगात शंभर टक्के अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर दहा वाजता आतून चिकट होतो तो यामुळे. दुसरा दोष इस्त्रीचा. सुरकुत्या काढायला गरम इस्त्री फिरवली की धाग्यातली लवचीकता कायमची जाते, स्वेटर फडक्यासारखा लोंबतो आणि त्यावर उपाय नाही.

मराठवाडा कापसाचा मुलूख असूनही सुती धाग्याचा स्वेटर आपल्याकडे फार कोणी विणत नाही, याचे मला नवल वाटते. सुती किंवा सूत-अ‍ॅक्रिलिक मिश्र धागा इथल्या हवेला सगळ्यात जवळचा. पण त्याचे स्वभाव माहीत असावेत. सूत ताणल्यावर परत येत नाही. म्हणून रिबची पट्टी सैल पडते, आणि ओला स्वेटर दोरीवर टांगला तर गुडघ्यापर्यंत येतो. तो जमिनीवर, चटईवर आडवा वाळवायचा. सूत वजनालाही भारी: घनता कापसाची १.५४, लोकरीची १.३१, अ‍ॅक्रिलिकची १.१७. म्हणजे नमुन्यात दोनशे ग्रॅम अ‍ॅक्रिलिक लिहिले असेल आणि तुम्ही तेवढ्याच जाडीचे सूत घेणार असाल, तर अडीचशेच्या वरच घ्यावे लागेल. धागा वजनावर विकला जातो, पण विणला जातो तो लांबीवर. पट्टीवर मीटर दिले असतील तर ग्रॅमकडे बघूच नये.

आता पहिल्या प्रश्नाकडे: कोण घालणार? मराठी घरात आजही सुया बाहेर निघतात त्या बहुधा बाळासाठी. बाळंतविड्यातली कुंची, झबली, लंगोट, दुपटी शिवून होतात. स्वेटर, टोपडे आणि मोजे मात्र कोणीतरी विणलेले असावेत अशी अपेक्षा अजून आहे. मोठ्यांसाठी विणणे पैशाच्या हिशेबात बसत नाही. हिवाळ्यात तिबेटी विक्रेते महाराष्ट्रातल्या शहरांत स्वेटरांची दुकाने थाटतात, त्यांतला बराचसा माल लुधियान्यात यंत्रावर विणलेला असतो, आणि चांगल्या धाग्याच्याच किमतीत तिथे तयार स्वेटर मिळतो. बाळाच्या स्वेटराला मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास धागा लागतो, टोपडे-मोजे धरून दीडशे. जुन्या बायका अजून औंसांत बोलतात. चार औंस म्हणजे एकशे तेरा ग्रॅम, त्यांचा हिशेब बरोबर आहे. धागा इतका कमी लागत असल्याने इथे उत्तमातला उत्तम धागा घेणे परवडते, आणि नेमके इथेच लोक 'बेबी वूल' असे लिहिलेले काहीही उचलतात.

बाळाचा धागा निवडताना पहिली गोष्ट शेगडीची. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी, ओव्याची धुरी हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात, आणि बाळाला न्हाऊ घातल्यावर धुरीवर धरायची पद्धत अनेक घरांत आहे. अ‍ॅक्रिलिकचे टोपडे घालून बाळाला निखाऱ्याजवळ नेणे धोक्याचे आहे. ठिणगी पडली तर ते पेटते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. शेगडी असेल त्या घरात सूत किंवा खरी मऊ लोकर. सूतही पेटते, पण वितळून चिकटत नाही. सगळ्यात चांगले म्हणजे निखाऱ्यापाशी विणलेले काहीच बाळाच्या अंगावर नसावे.

दुसरी गोष्ट पायमोज्यांच्या आतल्या बाजूची. मोजे उलटे करून पाहावेत. आत सुटलेला धागा, सैल गाठ, दोन रंगांच्या विणीत मागून गेलेले लांब धागे असतील तर ते बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात, रक्त अडते, बोट सुजते, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. डॉक्टरांना हा प्रकार चांगला माहीत आहे; कधी धाग्याने होतो, कधी आईच्या गळलेल्या केसाने. म्हणून बाळाच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना जाळीची वीण नको, दोन रंगांची नको. साधी सुलट-उलट वीण, टोके नीट आत ओवलेली. टोपड्याला हनुवटीखाली बांधायची लांब नाडी नको, स्वेटराच्या गळ्याशी दोरी नको. बटणे लावायची तर पक्की, आणि बाळ तोंडात घालायला लागले की ती रोज ओढून पाहायची. लांब केसाळ धागा, मोहेरसारखा किंवा दुकानात 'फेदर' म्हणून मिळणारा, फोटोत लोभस दिसतो. त्याचे तंतू सुटून बाळाच्या नाकातोंडात जातात.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. घरातल्या थोरल्याचा जुना स्वेटर धाकट्यासाठी ट्रंकेतून निघतो तेव्हा त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो. ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांच्या रक्तपेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि नवजात बाळाला जबर कावीळ होऊ शकते. ही उणीव भारतात दुर्मीळ नाही आणि वरून ओळखू येत नाही. डांबरगोळ्यांतला स्वेटर नवजात बाळाला घालूच नये. आणि बाळासाठी विणलेले काहीही मुळात त्यात ठेवू नये. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. अ‍ॅक्रिलिक असेल तर त्याचीही गरज नाही.

धाग्याइतकेच आकाराकडेही पाहावे. युरोप-अमेरिकेतल्या नमुन्यांत 'नवजात' म्हणून दिलेला आकार तिकडच्या बाळाचा असतो. आपल्याकडच्या बाळाचे सरासरी जन्मवजन तीन किलोंच्या आत भरते, तिकडचे सव्वातीन-साडेतीनच्या घरात जाते. आपल्या बाळाची जन्माच्या वेळची छाती एकतीस ते तेहतीस सेंटिमीटर. म्हणून परदेशी नमुन्यावर विणलेला नवजात स्वेटर तीन महिने मोठा निघतो. यात वाईट काही नाही. उलट हिशेब करूनच विणावे. बाळ मार्चमध्ये जन्मणार असेल तर पहिल्या थंडीत ते आठ-नऊ महिन्यांचे असेल. तेव्हा विणायचा तो नऊ महिन्यांचा स्वेटर. बारशाला नेण्यासाठी इवलासा विणला तर तो उन्हाळाभर घडीत राहील आणि दिवाळीला आखूड होईल. बाळंतविडे विणणाऱ्या कित्येक मावश्या जन्मतारखेपेक्षा बारशाच्या तारखेकडे बघून आकार ठरवतात.

परगावी, विशेषतः परदेशी, जाणाऱ्या बाळंतविड्याचा विचार वेगळा. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आजी बॅगेत लोकरीचे जाड स्वेटर भरते, कारण तिकडे बर्फ पडतो. पण तिकडची घरे आतून तापवलेली असतात आणि बाहेर जाताना बाळाला वरून फुगीर जाकीट घातलेले असते. स्वेटर लागतो तो मधल्या थरासाठी: पातळ आणि समोरून उघडणारा. आणि धुण्याचे काम यंत्राकडे असते. खरी लोकर वॉशिंग मशिनमध्ये आणि त्यानंतर ड्रायरमध्ये गेली की आटून बाहुलीच्या मापाची होते. तिकडे सुपरवॉश म्हणून मिळणारी प्रक्रिया केलेली लोकर तरी चालेल, नाहीतर निमूटपणे अ‍ॅक्रिलिक किंवा सूत-मिश्र.

धाग्याच्या जाडीबद्दल दुकानात प्लाय विचारतात: तीन पदरी, चार पदरी. पदर म्हणजे किती एकेरी धागे एकत्र पिळले ते; जाडी त्यावरून साधारणच कळते. एका कंपनीचा चार पदरी दुसरीच्या तीन पदरीएवढा बारीक असू शकतो. सुयांच्या क्रमांकांतही घोळ आहे. आपल्याकडे जुनी इंग्रजी पद्धत चालते, तिच्यात आकडा वाढला की सुई बारीक होते: दहा नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे चार, बारा नंबर पावणेतीन. अमेरिकन नमुन्यात आकडा वाढला की सुई जाड होते. तिथली आठ नंबर पाच मिलिमीटरची. नीलगिरीत बनणाऱ्या 'पोनी'च्या सुया घरोघरी आहेत. त्यांच्या टोकावरचा आकडा आणि इंटरनेटवरच्या नमुन्यातला आकडा एकच समजून विणले की जाळे तयार होते. मिलिमीटर तेवढे खरे.

इथल्या हवेला तीन-चार पदरी धागा आणि नऊ ते अकरा नंबरच्या सुया पुरतात. पाच मिलिमीटरच्या सुयांवर जाड धाग्याचा स्वेटर आठवड्यात होतो, म्हणून नवशिक्यांना तो सुचवला जातो. इथे तो घालवत नाही. नवशिक्याने जाड धाग्याचा मफलर किंवा कानटोपी करावी; पहाटे फिरायला जाणाऱ्या आजोबांना त्याची खरी गरज असते.

सव्वातीनच्या सुईवर चार पदरी धाग्याचे दहा सेंटिमीटरला अठ्ठावीस टाके बसतात असे नमुना सांगतो. तुमचा हात सैल असेल तर सव्वीस बसतील. शंभर सेंटिमीटर घेराच्या स्वेटराला नमुन्याने २८० टाके दिले असतील तर तुमचा स्वेटर जवळपास १०८ सेंटिमीटरचा होईल. नवऱ्यासाठी विणलेला दिराला होईल. म्हणून मोठ्या माणसासाठी विणताना आधी चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा. धुतल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही, कारण लोकर धुतल्यावर फुलते आणि सूत पसरते. बाळाच्या स्वेटरासाठी मात्र हा सोपस्कार मी वगळीन. तिथे त्याच फरकाने तीन-साडेतीन सेंटिमीटर वाढतात आणि बाळ ती महिन्या-दोन महिन्यांत भरून काढते.

नमुन्यांची गोष्ट आता थोडक्यात होते, कारण वरचे ठरले की फारसे पर्याय उरत नाहीत. दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि इंग्रज बायकांच्या संगतीने. पुढे १९०९मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांच्या शिवण-विणकामाच्या वर्गांनी ते मध्यमवर्गीय घरांत नेले. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने सगळ्या थरांत. १९६२च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले. यशवंतराव चव्हाण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत सुया चालू झाल्या. या साऱ्या प्रवासात नमुने नेहमी थंड मुलखातून येत राहिले. आधी विलायतेतून, मग दिल्लीतल्या हिंदी मासिकांच्या बुनाई विशेषांकांतून, आता पंजाबी-हिंदी व्हिडिओंतून. उस्मानपुऱ्यात गुरुद्वारा आहे; त्या परिसरातल्या पंजाबी आज्यांच्या हातची सफाई पाहत राहावी अशी. पण त्यांचे नमुने लुधियाना-अमृतसरचे, जिथे जानेवारीतली दुपारसुद्धा अठरा-एकोणीस अंशांची असते. हात त्यांच्याकडून शिकावा. जाडी आपली आपण ठरवावी.

इथे चालतो तो समोरून उघडणारा, बटणांचा, बिनबाह्यांचा किंवा कोपरापर्यंत बाहीचा स्वेटर. छाती-पाठ झाकलेली, हात मोकळे, ऊन चढले की डोक्यावरून न ओढता निघणारा. पिळाची वीण टाके आत ओढते, धागा जास्त खाते आणि कापड दुप्पट जाड करते. ती समोरच्या दोन पट्ट्यांपुरती ठेवावी. दोन रंगांच्या विणीत मागे सगळीकडे दुसरा थर असतो, तो इथे नकोच. जाळीची वीण हवा खेळू देते आणि धागा वाचवते; बायकांच्या श्रगसाठी, सुती धाग्यात, याहून चांगली निवड नाही. साबुदाण्यासारखी दाणेदार वीण दोन्हीकडून सारखी दिसते, कडा वळत नाहीत, म्हणून बाळाच्या दुपट्याला ती बरी.

नमुना ओळीओळीने लिहिलेला असण्यापेक्षा चौकटींच्या आलेखात असलेला घ्यावा. तो कोणत्याही भाषेतला चालतो, चूक लगेच दिसते. आणि दोन-चार स्वेटर झाल्यावर नमुना घेणेच सोडावे. एलिझाबेथ झिमरमन या विणकाम-लेखिकेने फार सोपा हिशेब दिला आहे. तिचे 'निटिंग विदाउट टिअर्स' १९७१चे. छातीच्या टाक्यांना शंभर धरायचे. मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला तेहतीस-पस्तीस, गळ्याला चाळीस. अंगाला दोनशे टाके असतील तर मनगट चाळीस, दंड सहासष्ट ते सत्तर, गळा ऐंशी. धागा कोणताही असो, माप कोणाचेही असो. वरून, म्हणजे गळ्यापासून खाली विणत गेले तर मधेच घालून बघता येते आणि लांबी धागा संपेल तिथे थांबवता येते. आपल्याकडे खालच्या पट्टीपासून सुरू करून मुंढ्यापर्यंत जायची रीत पक्की बसलेली आहे. ती सोडायला जुनी माणसे तयार नसतात, पण वाढत्या मुलासाठी वरून खाली विणलेला स्वेटर दुसऱ्या वर्षी खालून उसवून दोन इंच वाढवता येतो, हे एकदा दाखवले की विरोध मावळतो.

उसवणे हा आपल्याकडच्या विणकामाचा निम्मा भाग होता. वडिलांचा स्वेटर उसवायचा, धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवायची, खाली थोडे वजन लावून सावलीत टांगायची. वाळेपर्यंत वळ्या सरळ होतात आणि त्याच धाग्याचे दोन मुलांचे स्वेटर निघतात. धागा निवडताना हे पुढचे आयुष्यही पाहावे. लोकर यात सर्वांत सरस. सूत चालते. अ‍ॅक्रिलिकच्या वळ्या पूर्ण जात नाहीत, पण दाणेदार विणीत त्या लपतात. शिवणीत वेगळा बारीक दोरा वापरला असेल तर उसवताना कात्री कुठे लावायची ते पटकन सापडते. कापड कापून शिवलेला बाजारू स्वेटर उसवायला घेऊ नये, प्रत्येक ओळीला धागा तुटलेला मिळेल. आणि मोहेर किंवा फेदर एकदा विणला की त्याचे केस एकमेकांत गुंततात. तो उसवत नाही, तुटतो. तो घ्यायचाच असेल तर शेवटच्या कपड्यासाठी घ्यावा.